सुभेदार डायरेक्ट वाजवत नाहीत

सुभेदार जगदाळ्यांनी कुणाचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नाही. सांगलीत माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे आणि या धंद्यात कौतुकाचा नुसता चिखल असतो. पोराला दोन सूर धड लागत नाहीत, बाप शेजारी बसून 'देवानं गळा दिलाय' म्हणतो. चार ओळी न जुळणारा माणूस स्वतःला गीतकार म्हणवतो आणि माइकपुढे हात जोडून फोटो काढून घेतो. साहेबांच्या वाढदिवसाच्या गाण्यात साहेबांचं नाव किती वेळा आलं यावर गाणं चांगलं की वाईट ते ठरतं. अशा जागी एक माणूस येतो, खुर्चीत ताठ बसतो, तुमचं नवंकोरं गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि म्हणतो, "संपलं का? बरं झालं." असा माणूस विसरणं अवघड असतं.

ते सैन्यात सिग्नलमध्ये होते. निवृत्त झाल्यावर कराडला लागून मलकापुरात घर बांधलं. मूळ गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढचं. सुभेदार म्हटल्यावर लोकांना मिशा अपेक्षित असतात, यांना नव्हत्या. "नुसत्या तोंडाला मानूस भेतंय, मिशी कशाला वाया घालवू?" असं त्यांचं स्पष्टीकरण. शर्ट कडक इस्त्रीचा. गिटारची वायर आठच्या आकड्यात गुंडाळायची, आणि दुसऱ्या कुणी मदत म्हणून गुंडाळली तर त्या माणसाच्या देखत ती सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची. माझीही अनेकदा सोडली आहे.

वाजवायचे स्टील गिटार. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवत न्यायची. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. एकेकाळी आमच्याकडच्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात हे वाद्य असे. आता कीबोर्डवर एक बटण दाबलं की तसलाच काहीतरी आवाज निघतो आणि कुणाचंही अडत नाही. त्या बटणाचा आवाज मी त्यांना एकदा हौसेने ऐकवला. ते म्हणाले, "ह्यो कशाचा आवाज? दात काडताना काडलाय का?"

पहिल्यांदा ते आले तेव्हा एका होतकरू पुढाऱ्याचं गाणं चाललं होतं. पुढाऱ्याच्या पुतण्याला कुणीतरी सांगितलं होतं की गाण्यात स्टील गिटार असली की भारदस्त वाटतं. मी नेहमीप्रमाणे वायरचं एक टोक सुभेदारांपुढे धरलं.

"दुसरं टोक कुठं जातंय?"

"कॉम्प्युटरला. डायरेक्ट."

"आन माइक?"

"माइक कशाला? डायरेक्ट घेतलं की स्वच्छ येतं. पंखा नाही, रस्ता नाही, कसला गोंगाट नाही."

त्यांनी वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाकरी तव्यावरनं उतरली की खाता, का पिठाच्या डब्यात तोंड घालता?"

मी म्हणालो, आजकाल सगळे डायरेक्टच वाजवतात.

"आजकाल सगळी उभ्यानं जेवत्यात बी," ते म्हणाले. "नुसती तार थरथरून उपेग न्हाई. हवा हलली पायजे. मानसाचा कान हवा ऐकतो गड्या, वायर न्हाई."

आणि गिटार खोक्यात घालून ते चक्क मलकापूरला परत गेले. दुसऱ्या दिवशी आले ते स्वतःचा ॲम्प्लिफायर घेऊन. हे प्रकरण उचलायला दोन माणसं लागायची. पेटी कुपवाडला साचे बनवणाऱ्या एका सुताराकडून करून घेतलेली, ट्रान्सफॉर्मर तिथल्याच वायंडिंगच्या दुकानात भरलेला, आत जुन्या रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व्ह, पुढे मोठा स्पीकर आणि वरून मिलिटरीचा हिरवा रंग. गिटार या पेटीला जोडायची, पेटीतून जो आवाज बाहेर पडेल त्याच्यासमोर माइक ठेवायचा आणि तो आवाज रेकॉर्ड करायचा, अशी त्यांची अट. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. "तेवढ्यात माजा कुकर हुतोय," असं त्यांच्या बायकोने, शालनकाकूंनी, मला पुढे सांगितलं.

त्या दिवशी शेजारच्या दुकानात वेल्डिंग चाललं होतं. प्रत्येक ठिणगीला पेटी गुरगुरायची. सुभेदार थांबायचे, मी थांबायचो, पुतण्या घड्याळ बघायचा. शेवटी कसंबसं झालं. पुतण्याने ऐकलं आणि 'गिटार जरा मागं घ्या, काकांचं नाव नीट कळत नाही' असं सांगितलं. मी गिटार इतकी मागे घेतली की ती जवळजवळ गाण्याबाहेर गेली. एवढा हत्ती सांगलीत आणून बांधला तो कुणाला दिसलाही नाही.

खरं काय ते सांगून टाकतो. डायरेक्टमध्ये त्यांचा सूर पातळ आणि टोकदार येई, पेटीतून आला की त्याला अंग येई. हा फरक मला कळतो, कारण माझा तो धंदा आहे. पण तो फरक ज्यांच्यासाठी करायचा ते लोक गाणं ऐकतात मोबाइलवर, तेही भांडी घासताना किंवा ट्रॅक्टर चालवताना. त्यांच्यासाठी पेटी वाहून आणणं हा मला शुद्ध अहंकार वाटे, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

"लोकांसाटनं कोन वाजवतंय?" ते म्हणाले.

लोकांबद्दल त्यांचं मत मला माहीत होतं. कराडात एका गणेश मंडळाने वाद्यवादनाच्या स्पर्धेला त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्यांनी पहिला नंबर कुणालाच दिला नाही. दुसराही दिला नाही. तिसरा दिला, तो तबला जुळवून देणाऱ्या माणसाला, आणि तो बिचारा स्पर्धेत नव्हताच. कार्यकर्ते घायकुतीला आले. "आवं सुभेदार, ढाली आनून ठेवल्यात, पाव्हनं बसल्यात." सुभेदार उठत म्हणाले, "ठेवा की. पुडच्या वर्सी कोन वाजवील त्येला द्या." मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि तेच आपलं कसं बरोबर होतं याचा पुरावा म्हणून ते ही गोष्ट सांगत.

जगात एकाच माणसासाठी ते वाजवत होते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. नोकरीत ईशान्येकडे असताना त्यांच्या युनिटमध्ये लालथंगा नावाचे एक मिझो हवालदार शिकवायला होते. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. हे उस्ताद दिवसा वायरलेस शिकवायचे आणि रविवारी मांडीवर गिटार घेऊन बसायचे. सुभेदार तेव्हा साधे जवान. ते समोर जाऊन बसायला लागले. टाकून दिलेल्या वायरलेस सेटच्या भागांतून दोघांनी मिळून एक पेटी जुळवली होती. कुपवाडची पेटी ही तिचीच नक्कल. बदली झाली तेव्हा उस्तादांनी निरोप देताना सांगितलं, "जब अपना आवाज़ बने, तब भेजना. कच्चा मत भेजना."

हा हुकूम सुभेदारांनी इतका पाळला की पुढे सगळं आयुष्य गेलं, पण एक सूर उस्तादांना पाठवला नाही. दिवाळीला आणि नाताळला फोन व्हायचा. शालनकाकू म्हणायच्या, "म्या कान लावून ऐकलंय. दोगंबी नुसती खोकत्यात आन ठेवत्यात."

मग गेल्या उन्हाळ्यात उस्तादांच्या मुलाचा निरोप आला. वडिलांचा एक कान कधीच गेला होता. आता दुसऱ्या कानामागे गाठ होती आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. ऑपरेशननंतर त्या कानानेही ऐकू येणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

सुभेदार पेटी घेऊन माझ्याकडे आले. बसले नाहीत. "रेकॉर्डवाले, एक करून द्यायचं हाय. ऑपरेशनच्या आदी त्यांच्या कानावर गेलं पायजे." त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ होती. मी त्या आठवड्यातली दोन भजनं आणि एक वाढदिवस पुढे ढकलला.

उस्तादांनीच शिकवलेली एक छोटी डोंगरी चाल ते वाजवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वाजवली आणि मला वाटलं काम झालं. ते म्हणाले, "पूस." पेटी गुणगुणतेय म्हणे. दुसरी घेतली. कांडी सरकताना कच खाल्ली म्हणे. पूस. दुसऱ्या दिवशी गुणगुणही नव्हती आणि कचही नव्हती, तर खोलीच वाईट निघाली.

"ही खोली मुकी हाय. भिताडात कापूस भरलाय तुमी."

"आवाज घुमू नये म्हणूनच भरलाय."

"मंग आमास्नी आवाज करायला कशाला बसवलंय?"

मी विनवलं, असू दे, एक तरी ठेवा, शेवटी हाताशी काहीतरी असावं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि मी प्रत्येक रेकॉर्डिंग पुसल्याची खात्री करूनच हलले. आयुष्यभर जगाला नाकं मुरडून झाली होती, आता स्वतःची पाळी आली होती. मला त्यांचा मनापासून राग येत होता. तिकडे एका म्हाताऱ्याचा कान बंद व्हायला निघाला होता आणि हे इकडे भिंतींवर खेकसत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. जागा सापडली होती. त्यांच्या गावाकडच्या मळ्यात एक जुनी विहीर होती, दगडी, खोल आणि ठणठणीत कोरडी. लहानपणी ते तिच्यात ओरडायचे तेव्हा आवाज फिरून फिरून वर यायचा. आता पेटी दोराने विहिरीत सोडायची, माइकही सोडायचा, आणि काठावर बसून वाजवायचं. मी फोनवर हसलो. मग गाडी काढली, कारण नाही म्हटलं असतं तर ते पेटी घेऊन एसटीने गेले असते. मलकापुरातून सुभेदार, शालनकाकू आणि पेटी अशी वरात घेऊन आम्ही निघालो. पुढच्या सीटवर दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन ते बसले होते.

मळ्याजवळ पोचलो तर विहिरीभोवती माणसंच माणसं. सुभेदारांचा पुतण्या संपत, चांगला पन्नाशीचा बाप्या, लहान पोरासारखा धावत आला.

"काका, आवो काका, पानी आलं! योजनेचं पानी वड्याला सोडलंय, रातीत हीर भरली!"

खरंच विहीर भरली होती. वरच्या चार-पाच पायऱ्या तेवढ्या उघड्या होत्या. बायका खण-नारळ घेऊन पाण्याची ओटी भरत होत्या. कुणीतरी पेढे वाटत होतं. शिवारात दिसेल तिकडे पंप चालू होते. शालनकाकूंनी पदर खोचला आणि थेट ओटी भरायला गेल्या. मला त्या गावाचं काही देणंघेणं नाही, पण तिथल्या माणसांचे चेहरे बघून मलाही बरं वाटलं.

सुभेदार दोर हातात घेऊन काठावर उभे. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "आजवर कुनी आडवलं हुतं? सगळी वर्सं सोडून आजच घावलं व्हय?"

काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने पेढा तोंडात टाकला. "सुभेदार, पान्यावर रागावलेला मान तालुक्यातला तुमी पैलाच मानूस."

सगळे हसले. संपतने पेढा पुढे केला तो सुभेदारांनी घेतला नाही.

मग पेटी संपतच्या गोठ्याशेजारच्या खोलीत नेली आणि चालू केली. बटण दाबलं तर बल्ब तांबडा, व्हॉल्व्हमध्ये जेमतेम धग, आणि स्पीकरमधून गिटारऐवजी घसा बसल्यासारखी खरखर. सगळ्या वस्तीचे पंप एकाच लाइनवर ओढत होते. व्होल्टेज राहणार कुठून?

"पंप बंद करायला सांग," सुभेदार म्हणाले.

"काका, जलम गेला पान्याची वाट बगन्यात. आज पंप बंद करा म्हनून कुनाला सांगू? तुडवत्याल मला."

मी बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर आणि वायर काढली. वायर गिटारपासून सरळ रेकॉर्डरला. डायरेक्ट. त्यांनी तोंड फिरवलं.

"त्यांनी शिकवलं, आन त्येंनाच डायरेक्ट पाठवू? मला जमायचं न्हाई."

शालनकाकू दारात उभ्या होत्या. हाताला हळद-कुंकू लागलेलं होतं. "आवं, त्यो मानूस उद्या बहिरा हुनार हाय. तुमाला त्येला ऐकवायचंय का तुमची पेटी मिरवायचीया?"

सुभेदार खाटेवर बसले. गिटार मांडीवर घेतली, हेडफोन एका कानाला लावला आणि वाजवलं. एकदाच. बाहेर पंप धडधडत होते, बायका हसत होत्या, म्हशी ओरडत होत्या, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच आलं नाही. आली फक्त तार. कांडी धरणाऱ्या हाताचा थोडा कंप आला, नखाची खरवड आली. पेटीने आजवर जे जे झाकलं होतं ते सगळं आलं.

"ऐकता?"

"न्हाई. पाठवा."

रेंजसाठी मी बांधावर चढलो आणि त्यांच्या फोनवरून उस्तादांच्या मुलाला ते पाठवलं. परत आलो तेव्हा ते खाटेवर पाठमोरे बसून होते. त्यांनी वायरही गुंडाळली नव्हती.

दहिवडी मागे टाकली, ऊन उतरायला लागलं होतं, तेव्हा फोन वाजला. मुलाने वडिलांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. सुभेदारांनी फोन दूर धरून बटण दाबलं. बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, ताणलेला आवाज गाडीभर झाला.

"जगदाले! ये क्या भेजा? तार सीधा मशीन में लगाया? डब्बा किधर गया, बेच दिया क्या? कच्चा है. फिर से बजाओ!"

मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. सुभेदार हसत होते. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं त्यांना ठसका लागलाय. "ऐकलं का? येक कान गेलाय, दुसरा चाललाय, आन डायरेक्ट वाजवलंय ते वळाकलं! ह्येला म्हनत्यात कान!"

मागून शालनकाकू म्हणाल्या, "शिव्या खाऊन फुगलेला मानूस बगून घ्या रेकॉर्डवाले."

मलकापूर येईपर्यंत ते तो निरोप पुन्हा पुन्हा लावत होते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. उस्ताद सुखरूप होते, आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. ऐकू येणं संपलं. सुभेदारांनी मला फोनवर हे एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

पावसाळा संपता संपता ते न कळवता स्टुडिओत आले, पेटीसकट. थकले होते. मी पंखा बंद केला. शेजारी वेल्डिंगवाल्याला विनंती केली, तो चहाला गेला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही दोघे गप्प बसलो. मग त्यांनी तीच चाल वाजवली. ते वाजवणं सुंदर होतं. मी सुंदर हा शब्द वापरत नाही, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तो वापरतो. पण ते सुंदर होतं, आणि ऐकताना मला रडू येत होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी 'पूस'ची वाट पाहत होतो.

"आसू दे," ते म्हणाले.

"मुलाला पाठवू?"

"त्येला काय कळतंय?"

"मग आज वाजवलं कशाला?"

"फिर से बजाओ म्हनले हुते न्हवं? हुकूम हुता."

मला राहवलं नाही. म्हणालो, "सुभेदार, त्या आठवड्यात तुम्ही इतकी पुसलीत. त्यातलं एक ठेवलं असतं तर ते पेटीतलं ऐकून गेले असते. आता त्यांच्या कानात कायमचं ते डायरेक्टच राहिलं."

ते वायर गुंडाळत होते. हात थांबला नाही.

"व्हय," ते म्हणाले.

त्या एका शब्दाने माझा सगळा राग गेला आणि मला त्यांची कीव आली. कीव केलेली त्यांना चालली नसती, म्हणून मी पेटीची एक बाजू धरली. सांगली स्टँडवर कराडची गाडी लागलेली होती. ड्रायव्हरने आणि मी मिळून पेटी दारातून आत कोंबली. सुभेदार तिच्या शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी फोन कानाला लावला. बाहेर खिडकीपाशी उभ्या असलेल्या मलाही तो ताणलेला आवाज ऐकू येत होता.

कंडक्टर आला. "आजोबा, ह्या पेटीचं तिकीट पडंल. हाय काय ह्यात?"

सुभेदारांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"थांब रं जरा. उस्ताद बोलत्यात."

कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून थांबला.